बाटलीतला निखार

दीपिका पदुकोणने २०२२ मध्ये त्वचेच्या प्रसाधनांचा स्वतःचा ब्रँड काढला, क्रिती सेननने २०२३ मध्ये. आता नट्यांच्या नावाची सीरम चंद्रपुरातही घरपोच मिळतात. आमच्या घरी असेच एक आले. धाकट्या नणंदेने मागवले होते; बकरीदनंतर आरमोरीचे पाहुणे तिला पाहायला येणार होते.

बाटली ३० मिलीची. आम्ही तिघींनी थेंब थेंब वाटून घेतले. मुख्य घटक नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. त्याने त्वचेत ओलावा टिकतो, डाग थोडे फिके पडू शकतात. जन्माचा रंग बदलत नाही. त्यात मे महिन्याचे ऊन, पारा ४५ च्या वर, आणि दिवसातून पाच वेळा वुजू. महिन्याभराने चेहरे मऊ झाले, हे खरे. सावळेपणा होता तिथेच. आणि या उन्हात तो ढालच आहे, पण स्थळे पाहताना हे कोण बोलतो?

सासूबाई इतकेच म्हणाल्या, "मक्का जिंकल्यावर काब्यावरून अजान कोणी दिली? हजरत बिलालनेच ना?"

पाहुण्यांना फोटो पाठवायचा होता. नणंद अंगणातल्या उजेडात उभी राहिली. "भाभी, फिल्टर लावू नका."