एक वाव, चार बोटं

मालवणात गरवायला निघालो की काका गळाचा तंगूस हात पसरून मोजायचे. डाव्या बोटांच्या टोकापासून उजव्या बोटांच्या टोकापर्यंत एक वाव. घरात फूटपट्टी होती, पण ती माझ्या दप्तरात. समुद्राशी तिचा संबंध नव्हता. ही वाव पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. भेटली ती अमेरिकेत, मिलवॉकीला, शेजारच्या गॅरेजात.

शेजारी कारखान्यात साचे बनवणारे, निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा पोलंडहून आलेले. शहराच्या दक्षिण भागात अशी घरं पुष्कळ. माझी मुलगी त्यांना ‘आबा’ म्हणायला लागली, मग आम्हीही. 2009च्या मंदीत माझी नोकरी गेली. जूनमधल्या एका पहाटे साडेतीनला दार वाजलं. दारात आबा, पायात रबरी बूट.

“जाळं धरायला माणूस हवाय. चल.”

नोकरीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, पुढेही कधी नाही.

आम्ही निघालो ट्रोलिंगला. ट्रोलिंग म्हटलं की आता लोकांना फोनवरची भांडणं आठवतात. मूळ धंदा वेगळा: होडी ताशी दोन-तीन मैलांनी चालवायची आणि मागे आमिष ओढत राहायचं. लेक मिशिगनला आपण सरोवर म्हणतो खरं, पण पलीकडचा काठ दिसत नाही, आणि सर्वांत खोल जागी 281 मीटर पाणी आहे. त्यात सॅमन उन्हाळ्यात बारा अंशांच्या आसपासचं पाणी शोधत हिंडतो. पश्चिमेचा वारा दोन दिवस वाहिला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं, खालचं गार पाणी आमच्या काठाशी वर येतं, आणि मासाही येतो. म्हणून आबा आदल्या रात्री बातम्या न बघता झाडाची पानं बघायचे.

हा सॅमन इथला नव्हेच. 1967च्या उन्हाळ्यात इथल्या किनाऱ्यांवर एलवाइफ नावाच्या छोट्या माशाचे मेलेले ढीग लागले होते. आबा तेव्हा शाळकरी, तो वास त्यांना शेवटपर्यंत आठवायचा. एलवाइफला आवर घालायला आणि गळवाल्यांना खेळवायला हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने मिशिगन राज्याने आदल्या वर्षापासूनच पॅसिफिकचा सॅमन आणायला सुरुवात केली होती: 1966मध्ये कोहो, पुढच्या वर्षी चिनुक. (आपल्या रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात, पण दोघांचं नातंगोतं काही नाही.) “तो बाहेरचा, मी बाहेरचा, तू तर फारच बाहेरचा,” असं म्हणून आबा थर्मासचं झाकण माझ्यापुढे धरायचे.

आमिष खोल न्यायला त्यांचा भरवसा डिप्सी डायव्हरवर. बशीएवढी प्लॅस्टिकची गोल चकती, पोटाला शिसं. चालत्या होडीमागे ती पाण्यात तिरकी घुसते आणि दोरा खाली नेते. बुडाची तबकडी फिरवली की ती डावीकडे किंवा उजवीकडे पळते. शून्यावर सरळ खाली. आकडा तीनकडे नेला की बाजूला जास्त, खोल कमी. म्हणून आतल्या दांडीला एक, बाहेरच्या दांडीला तीन, म्हणजे वळताना दोरे एकमेकांत अडकत नाहीत. मासा लागला की खटका सुटतो, चकती आडवी होते आणि ओढायला हलकी जाते. खटक्याचा स्क्रू किती आवळायचा, हे आबा माझं बोट धरून शिकवायचे. लाटेने सुटता कामा नये, माशाने सुटलाच पाहिजे.

चकतीच्या मागे लीडर, म्हणजे दोऱ्याचा जोडतुकडा, त्याच्या टोकाला गरगरणारा फ्लॅशर, त्यामागे वीस-बावीस इंचांवर फ्लाय, म्हणजे आमिष. हे मागचं अंतर कमी केलं की फ्लाय जास्त झटके खाते, वाढवलं की शांत पोहते. त्यावर मी रीतसर वही घातली होती. इंजिनियर आणि बेकार, दुसरं काय करणार?

पण चकतीपासून फ्लॅशरपर्यंतचा लीडर आबा हात पसरून मोजायचे. एक वाव. मला हसू आलं, आणि काकांची आठवणही.

मी वाद घातला. क्वागा शिंपल्यांनी तळ्याचं पाणी गाळून काचेसारखं केलंय, मासा बिचकतो, तर चकती आमिषापासून लांब हवी. मुद्दा चूक नव्हता. ऑगस्टमध्ये आबांच्या नकळत मी अकरा फुटांचा लीडर बांधला, आणि त्यावरच चिनुक लागला. वीस मिनिटं झुंजवून होडीमागे आणला, तर चकती दांडीच्या टोकाला येऊन टेकली. ती कडीतून आत येत नाही. पुढे गुंडाळणं संपलं. मी दांडी उंच धरून मागे मागे सरकलो, पाठ केबिनला लागली. चांदीचा तो मासा जाळ्यापासून हातभर लांब वळसे घालत राहिला. आबा कठड्यावर पोटावर आडवे झाले, लांब दांड्याचं जाळं पुढे केलं, तरी पोचलं नाही. चिनुकने मान झटकली आणि गेला.

आबांनी उरलेला लीडर कापला, मोजला, माझ्याकडे बघितलं. “माझे हात एवढेच आहेत,” म्हणाले, आणि नवा बांधायला घेतला.

त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. होडी त्यांच्या मुलाने विकली. सामानाची पेटी मला दिली. पेटीत स्पंजच्या नळ्यांवर जुने लीडर गुंडाळलेले होते, गाठी वळणदार, दोरा पिवळा पडलेला. एका संध्याकाळी मी ते सगळे सोडवून जमिनीवर मांडले. एकही वावभर नव्हता. सगळे हातभर आखूड. एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात जाळं धरणाऱ्या माणसाला तेवढाच लीडर झेपतो. म्हणजे माझ्याआधी आबा कितीतरी वर्षं एकटेच जात होते, आणि त्यांचं नीट चाललं होतं. मग आठवलं, त्या जूनमधल्या पहिल्या पहाटे लांब दांड्याच्या जाळ्यावर किमतीची चिठ्ठी तशीच होती. ती मीच नखाने खरवडून काढली होती.

आता माझी छोटी होडी आहे. एकटा असलो की आखूड लीडर बांधतो. गेल्या जुलैत मुलगी आली होती, तेव्हा हात पसरून मोजला. माझी वाव आबांच्या वावेपेक्षा चार बोटं कमी भरते. मुलगी जाळं घेऊन मागे उभी होती, बघत होती.

“लांब बांध ना अजून,” म्हणाली, “माझा हात पोचतो.”

मी चार बोटं वाढवून गाठ मारली.