गाडीखालचा थेंब

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीचा मान राखूनही आम्ही असे म्हणू की, गाडीखाली पडणाऱ्या थेंबाचे मूळ मात्र अवश्य शोधावे. नदीचे मूळ न कळल्याने कोणाचे काही अडत नाही. थेंबाचे मूळ न कळल्यास प्रसंगी जिवावर बेतते.

आमचे जामसांवली हे गाव सौंसर तालुक्यातील. पूर्वी आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला व आमचा तालुका त्यात आला. पिंपळाखाली पहुडलेल्या श्रीहनुमंताच्या दर्शनासाठी मंगळवारी व शनिवारी येथे मोठी गर्दी लोटते. नागपूरकडून आणि छिंदवाड्याकडून शेकडो गाड्या येतात. मूर्तीच्या नाभीतून पाझरणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून श्रद्धेने घेतात आणि ते कोठून येते असे विचारीत नाहीत, हे योग्यच आहे. परंतु बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांखाली जे पाझरते, त्याची चौकशी करणारे एक वयोवृद्ध मिस्त्रीकाका आमच्या परिचयाचे आहेत. सुटीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून आम्ही मुले डागांची ही विद्या शिकलो.

या विद्येची पहिली पायरी म्हणजे द्रव ओळखणे. काका गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवितात आणि चाकांच्या जागी खुणा करतात. स्वच्छ, बिनवासाचे पाणी पुढच्या भागाखाली पडले असेल आणि एसी चालू असेल, तर चिंता नको. हवेतील बाष्पच थंड होऊन ठिबकते. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी रंगाचा, गोडसर वासाचा द्रव असल्यास तो इंजिन थंड राखणारा कूलंट होय. त्याची गोडी फसवी असते. तो चाटला तर कुत्र्यामांजरांना विषबाधा होते. इंजिनचे तेल नवे असता मधासारखे व जुने झाल्यावर काळपट दिसते. गिअरचे तेल त्याहून दाट असून त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. पेट्रोलचा वास तर सांगावाच लागत नाही. तो आला की काडी ओढणे दूरच, गाडी चालूही करू नये.

गेल्या पौषातील एका शनिवारी या विद्येची खरी कसोटी लागली. छिंदवाड्यास निघालेल्या एका जीपच्या मागील डाव्या चाकाशी ओलसर डाग दिसला. गाडीत एक आजीबाई व तीन लहान मुले बसलेली. पुढे सिल्लेवानी घाटाची वळणे. आणि चालकास घाई.

“एसीचं पाणी असन, काका,” तो म्हणाला.

“भाऊ, या थंडीत एसी कायले लावला असन तुम्ही? अन् एसीचं पाणी मागच्या चाकापाशी कसं येईन?” काकांनी शांतपणे विचारले.

त्यांनी पुठ्ठ्यावर दोन थेंब घेतले. पाणी असते तर ते सुकून गेले असते; येथे फिकट पिवळा, बुळबुळीत डाग कायम राहिला. दर्प नव्हता व दाटपणाही नव्हता, म्हणून गिअरचे तेल नव्हे. बॉनेट उघडून पाहिले, तो ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली! द्रव ओळखला गेला. पण उगम अद्याप सापडला नव्हता. थेंब जेथे पडतो तेथेच तो निघतो असे नाही. तो नळीवरून ओघळतो, वाऱ्याने मागे उडतो. म्हणून काकांनी चाकामागचा सारा भाग फडक्याने कोरडा पुसला, चालकास ब्रेक दाबून धरण्यास सांगितले आणि बॅटरीचा प्रकाश टाकला. वरची नळी कोरडीच राहिली. ड्रमच्या मागील पत्र्याच्या खालच्या कडेला मात्र ओल पुन्हा उमटली. आतील व्हील सिलिंडरची रबरी वाटी झिजली होती. तोवर पायाखालचा ब्रेकही हळूहळू खाली बसू लागला होता. चालकाचा चेहरा पालटला.

शाळेत आम्ही पास्कलचा नियम शिकलो आहोत. सतराव्या शतकातील या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितले की, बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. पायाचे बळ चाकापर्यंत जाते ते याच नियमाने. परंतु द्रव बंदिस्त राहिला तरच! आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक निकामी झाला तरी दुसरा काम देतो, तथापि गाडी थांबण्यास अंतर अधिक लागते. घाटात तेवढे अंतर कोण देणार?

आजीबाई व मुले बसने रवाना झाली. चालकाने सौंसरहून सुटा भाग आणला आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त गाडी घेऊन तो गेला.

वाचकहो, घरी वाहन असल्यास सकाळी निघण्यापूर्वी त्याच्याखाली एकदा पाहावे. नवा डाग दिसल्यास त्याची जागा, रंग व वास ध्यानात घ्यावा आणि जाणकारास सांगावे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुलांनी जाऊ नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी १०० अंशांहूनही अधिक तापलेले असू शकते व ते उसळून अंगावर येते.

आणखी एक लाभ आम्हांस या विद्येपासून झाला. गणिताचे उत्तर चुकले की आम्ही शेवटचीच ओळ पुन्हा पुन्हा तपाशीत असू. आता वरून एकेक पायरी पुसून पाहतो. जेथे प्रथम ओल दिसते, तेथेच चुकीचा उगम असतो.