सखालीनची वाट

जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २१ एप्रिल १८९० रोजी अंतोन चेकॉव्ह मॉस्कोहून निघाले. वय तीस, कथाकार म्हणून नाव झालेलं, आणि खोकताना अधूनमधून रक्त पडू लागलेलं. जायचं होतं सखालीनला, साम्राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या कैद्यांच्या बेटावर.

सैबेरियातून जाणारी रेल्वे तेव्हा नव्हती. तिचं बांधकाम पुढच्या वर्षी सुरू झालं. ओडेसाहून बोटीने जाता आलं असतं, परतताना ते तसेच आले. जाताना मात्र त्यांनी जमिनीची वाट धरली. त्यूमेनपासून पुढे हजारो किलोमीटर घोडागाडी. गुडघाभर चिखल, पूर आलेल्या नद्या, हाडं गोठवणारी थंडी. एका पहाटे समोरून भरधाव आलेली टपालगाडी त्यांच्या गाडीवर आदळली आणि ते रस्त्यावर फेकले गेले. याच रस्त्याने शिपायांच्या पहाऱ्यात बेड्या खळखळवत चाललेले कैदीही त्यांना दिसले. पुढे बैकल सरोवर ओलांडून शिल्का आणि अमूर नद्यांवरच्या आगबोटी. बेट गाठलं तेव्हा जुलै उजाडला होता.

या वाटेने त्यांना एक गोष्ट दिली असावी: माणसं एकेक करून पाहण्याची सवय. गाडीवान, नावाडी, स्थलांतरित शेतकरी, प्रत्येकाशी थांबून बोलावं लागत होतं.

बेटावर त्यांनी तेच केलं. स्थानिक छापखान्यात जनगणनेच्या पत्रिका छापून घेतल्या आणि पहाटे उठून ते झोपडी-झोपडी, कोठडी-कोठडी फिरू लागले. नाव, वय, जन्मगाव, बेटावर कधी आलात, लिहिता-वाचता येतं का, लग्न झालंय का, आजार कोणता. ओळख लपवण्यासाठी आपलं आडनावच आठवत नाही असं सांगणारेही होते. तेही नोंदले गेले. राजकीय कैद्यांना भेटायची परवानगी मात्र मिळाली नाही. तीन महिन्यांत सुमारे १०,००० पत्रिका भरल्या. एका कैद्याला फटके मारताना त्यांनी पाहिलं आणि त्यानंतर काही रात्री त्यांना धड झोप लागली नाही.

मुख्य भूमी आणि सखालीन यांच्यामधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी आठ किलोमीटरही नाही. हे बेट दूर होतं ते राजधानीतल्या लोकांच्या मनात. तिथे कोण राहतं, मुलं काय खातात, दवाखान्यात औषध आहे का, हे विचारायला क्वचितच कुणी जात होतं. चेकॉव्ह गेले, आणि १८९५ मध्ये त्यांचं ‘सखालीन बेट’ पुस्तकरूपाने आलं. बेटावरच्या शाळांसाठी त्यांनी पुस्तकंही पाठवली.

मराठी वाचकाला काळ्या पाण्याची ओळख झाली ती कोठडीत डांबलेल्या सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मधून. सखालीनची कहाणी लिहिणारा मोकळा होता, आजारी होता, आणि आपणहून तिथे गेला होता. चेकॉव्हच्या कथा ज्यांना आवडतात त्यांनी हे पुस्तकही वाचावं. त्यांनी भरलेल्या पत्रिकांपैकी ७,००० हून अधिक आजही जपून ठेवलेल्या आहेत.