तिसरा सभामंडप

३० मार्च. गावात आज तिसऱ्या सभामंडपाचा स्लॅब टाकला. आधीचे दोन असताना! पहिल्यात कडब्याच्या पेंढ्या रचल्यात, दुसऱ्याच्या शटरला गंजून भोकं पडलीत. कोनशिला मात्र चकचकीत, काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी नावं. शेजारीच शाळा. तिसरीच्या वर्गाची कौलं फुटलीत, पावसाळ्यात पोरं दप्तर मांडीवर घेऊन बसतात. कौलं बदलायला पैसे नाहीत, असं सांगतात. जीव जळतो.

असे मंडप ज्यातून उभे राहतात, तो खासदार निधी १९९३ साली सुरू झाला. आता प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी, आणि भर टिकाऊ मालमत्ता उभारण्यावर. नवं बांधलं की नारळ फुटतो, फोटो छापून येतो. दुरुस्तीच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. त्यात खात्यांचा न खर्चलेला निधी ३१ मार्चला परत जातो, म्हणून बिलं काढायची घाई. अशा घाईत सिमेंटवर दोन-तीन आठवडे पाणी कोण मारणार? मग चार वर्षांत तडे, आणि त्या तड्यांसाठी पुन्हा नवा प्रस्ताव.

पैसा आपल्याच करांचा आहे. १ मेच्या ग्रामसभेत मी अंदाजपत्रक मागणार आहे, आणि कौलांचा ठरावही मांडणार आहे.