भरतीच्या पाण्यावर तीन दिवस

सुरगाण्यात पावसाचे पाणी थांबत नाही. केळावणजवळ भिवतासच्या कड्यावरून नार नदी कोसळते, पुढे पार नदीला मिळते आणि ते पाणी वलसाड जिल्ह्यात समुद्रास जाते. त्या उतारावर होडी कुठून चालणार! पश्चिमवाहिनी नदीचे अखेरचे संथ रूप पाहावे म्हणून आम्ही माघ महिन्यात सहकुटुंब दाभोळला गेलो. वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत, काठच्या गावी मुक्काम करीत, तीन दिवस होडीने प्रवास केला.

दाभोळ हे बहामनी व आदिलशाही काळातले नामांकित बंदर. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेडाने ते जाळले, तरी व्यापार पुढे चालूच राहिला. समोर अंजनवेलचा गोपाळगड खाडीच्या मुखावर उभा आहे. व्यापारी वाचकांस या जलमार्गाचे गणित सहज उमगेल. गलबत जितके आत शिरेल तितके बैलांचे भाडे वाचते. म्हणूनच चिपळूणची पेठ समुद्रकाठी वसली नाही. भरतीचे पाणी जेथवर चढते तेथे, कुंभार्ली घाटाच्या वाटेवर वसली. आगबोटींच्या काळातही उतारू दाभोळला लहान लाँचमध्ये बसून चिपळूणकडे येत.

घड्याळ येथे निरुपयोगी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि होडी सोडण्याची वेळही तिच्याबरोबर. अंधारापूर्वी होडी काठाला लावायची हा तांडेलाचा शिरस्ता, त्यामुळे आमचे सूर्यास्तापूर्वीचे भोजन विनासायास साधले. दोन्ही तीरांना कांदळवन, मागे नारळी. मालदोलीजवळ चिखलावर ऊन खात पसरलेल्या मगरी दिसताच मुलांची बडबड एकदम थांबली.

तिसऱ्या दिवशी तांडेलाने पाण्याकडे बोट दाखवून म्हटले, "हे कोयनेचं." कोयना मूळची कृष्णेला मिळणारी, पूर्वेची. १९६२ पासून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीत येते. त्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाण्याची मुभा आहे. कोकणातल्या इतर बऱ्याच नद्या उन्हाळ्यात आटतात. ही वाहत राहते.

आमच्याकडे नेमके उलट घडू पाहत आहे. २०२४ साली राज्य शासनाने मान्यता दिलेल्या नार-पार-गिरणा प्रकल्पात आमचे पश्चिमेला जाणारे पाणी उपसून पूर्वेकडे गिरणा खोऱ्यात न्यायचे आहे. मालेगाव, चाळीसगावकडील आप्तांच्या पेढ्या त्या पाण्याकडे डोळे लावून आहेत, आणि ते रास्तच आहे. तिकडे पीक बुडाले की बाजारही बुडतो. मात्र ज्यांच्या नावांनी सुरगाण्यातल्या आमच्या वह्या भरलेल्या आहेत, त्या आदिवासी शेतकऱ्यांना धरणात जमीन जाण्याची धास्ती आहे. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या याच तालुक्यात चैत्र-वैशाखात पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन झऱ्यापाशी बसलेल्या असतात. पाणी पूर्वेकडे निघालेच, तर वाटेत त्या झऱ्यांना किती मिळेल, हे आधी ठरावे असे मला वाटते.

गोवळकोटच्या धक्क्याला लागलो तेव्हा ओहोटी सुरू झाली होती. तांडेलाने भाडे मोजून घेतले, चहालाही तो थांबला नाही.