‘अजून थोडी’

गावाचे नाव कुंभारवाडा, म्हणून भट्टीपासूनच सुरुवात करतो. भट्टी पुरेशी तापली की नाही हे कुंभार आकड्यांत सांगत नाही. ज्वाळेचा रंग पाहून तो म्हणतो, ‘अजून थोडी.’

हे ‘थोडी’ यंत्राला शिकवायचे कसे? १९६५ साली लॉटफी झादे यांनी ‘फझी सेट’ मांडले. त्यांत ‘गरम’ आणि ‘गरम नाही’ यांच्यामध्ये ० ते १ पर्यंत हव्या तितक्या पायऱ्या असतात. पुढे १९७४च्या सुमारास लंडनमध्ये एब्राहिम ममदानी यांनी त्यावर छोटे वाफेचे इंजिन चालवले. इंजिनाचे समीकरण मांडायच्या भानगडीत ते पडले नाहीत. ‘दाब बराच कमी असेल तर उष्णता बरीच वाढवा’ असे साधे नियम दिले. डेन्मार्कमध्ये हीच रीत सिमेंटच्या भट्ट्यांवर आली, आणि नियम घेतले ते भट्टीवाल्यांच्या अनुभवातून!

१९७९ साली फ्रान्सच्या ल्योतार यांनी लिहिले की, सर्व काही एकाच महाकथेत बसवण्यावरचा विश्वास आता उडाला आहे. उरल्या त्या लहान लहान कथा. आमचे तत्त्वज्ञानवाले मित्र लगेच म्हणतात, एक समीकरण गेले, अनेक नियम आले, म्हणजे तेच की! मला ते अर्धेच पटते. नियम अनेक असले तरी यंत्राने गाठायचे लक्ष्य बाहेरूनच येते, आणि तेही एकच. शिवाय यंत्राच्या भाषेत न बसणारे ज्ञान टाकून दिले जाईल, हे भयही ल्योतार यांनी त्याच पुस्तकात बोलून दाखवले होते. (हे पान मित्रांनी वाचलेले दिसत नाही.)

१९८७ साली सेंदाईची भुयारी रेल्वे फझी नियमांवर धावू लागली. त्याच वर्षी आमच्या काळी नदीवरचे १०१ मीटर उंच सुपा धरण पुरे झाले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. प्रगतीची महाकथा आम्ही अशी पाहिली. धरणाचे पाणी केव्हा व किती सोडावे, हे फझी नियम उत्तम सांभाळतील. पण ‘पुरेसे पाणी’ म्हणजे किती? वीजघराचे पुरेसे आणि कुणबी शेतकऱ्याचे पुरेसे एक नव्हे. त्यांतले कोणते यंत्रात घालायचे, हे कोण ठरवणार?

आमच्या घरी पाहुणा ‘पुरे’ म्हणाला तरी आजी आणखी एक डाव भात वाढतेच. तो ‘पुरे’ ० आणि १ यांच्यामध्ये नेमका कुठे ठेवायचा, हे एखाद्या अभियंत्याने येऊन तिलाच विचारावे.