तिथीच्या पाऊणपट

बुरोंडीच्या माझ्या मामाला भरतीची वेळ बघायला मोबाईल लागत नाही. "तिथीच्या पाऊणपट कर रे. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा." आयुष्यभर त्याने याच हिशोबाने होडी काढली.

गेल्या वर्षी मामाला मल्टिपल मायलोमा निघाला. औषधांनी आजार आटोक्यात आल्यावर डॉक्टर म्हणाले, ट्रान्सप्लांट करू. म्हणजे त्याच्याच मूळपेशी आधी गोळा करून गोठवायच्या, मग जबरी केमो द्यायची आणि त्या परत चढवायच्या. १९८३ साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, तेव्हा मज्जा कमरेच्या हाडातून काढायचे. आता जी-सीएसएफची इंजेक्शनं देऊन पेशी रक्तात उतरवतात आणि मशीनने वेचतात. साधारण पाचव्या दिवशी.

म्हटलं, सोप्पंय! मी लगेच एक्सेल उघडलं. चौथ्या दिवशी पांढऱ्या पेशी ३८ हजार. ग्राफ कसा झक्कास वर चाललेला. मी खूश.

डॉक्टर मात्र गप्प. म्हणाले, "हा आकडा फसवा आहे. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे मूळपेशी उतरल्याच असं नाही. सीडी३४ किती ते बघा." सीडी३४ म्हणजे मूळपेशींवरची खूण. ती आली मायक्रोलिटरला १२.

आता गणित करा मंडळी. १२ म्हणजे लिटरमागे १२ दशलक्ष पेशी. मशीनमधून १२ लिटर रक्त फिरवलं आणि त्यातल्या ४५ टक्के हाती लागल्या, तर साधारण ६५ दशलक्ष. मामाचं वजन ६० किलो. किलोमागे जेमतेम १! निदान २ तरी लागतात, ४-५ मिळाल्या तर उत्तम.

यावर प्लेरिक्साफॉर नावाचं औषध आहे. मज्जेला चिकटून बसलेल्या मूळपेशी ते सोडवतं. पण महाग, आणि पेशी गोळा करायच्या सुमारे ११ तास आधी द्यायला हवं. म्हणजे ठरवायचं ते त्याच संध्याकाळी. मामी पैशांचं बघत होती, मामा माझ्याकडे. मी "द्या" म्हणालो.

सकाळी सीडी३४ आली ३४. दिवसअखेर किलोमागे ३ दशलक्ष पेशी पिशवीत!

रात्री मामाने विचारलं, "म्हणजे हिकडे तिथी नाय चालत?"

"नाही रे मामा. इथे रोज काठी घालून पाणी किती ते बघावं लागतं."

"आणि काठी बरोबर जागी घालावी लागते," मामा म्हणाला.

ऑफिसात आम्ही वर जाणारे ग्राफ बघून टाळ्या वाजवतो, तेव्हा हल्ली मला ते ३८ हजार आठवतात. असो.

परवा सकाळी मामाचा फोन आला. बुरोंडीहून. "आज एकादशी. सव्वाआठची भरती. ठेवतो."